नांदुऱ्याच्या दवाखान्यातले कोटणीस

नांदुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात भिंतीवर एकच तसबीर आहे. विळ्याने बोट कापलेला माणूस टाके घालताना तोंड फिरवतो आणि नेमका तिच्याकडे पाहतो.

‘हे कोन हाये डाक्टरसाहेब? वडील का तुमचे?’

हातातली सुई न थांबवता मी सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, जन्म १९१०. जपानशी झुंजणाऱ्या चीनने मदत मागितली, तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले डॉ. चोळकर तर आपल्याच रेल्वेलाइनवरच्या नागपूरचे!

कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यूनही तिथेच होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जखम चिघळली, रक्तात विष भिनले. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे संचालक झाले. चिनी भाषा शिकले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव यिनह्वा: यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

कोटणीसांना अपस्मार होता. तरी ते माघारी फिरले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांतच गेले. मूल तेव्हा काही महिन्यांचे. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला.

‘वय काय होतं?’

‘बत्तीस.’

‘माह्या पोराएवढं,’ तो पुटपुटतो. बोटाची कळ विसरलेला असतो. मी धनुर्वाताचे इंजेक्शन भरतो.