सातबाऱ्यावरचा ब्लास्ट रेडियस

आमच्या बेडसेत नौदल म्हटलं की लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी आठवतं. डोंगरात, समुद्रापासून लांब, पण १९४५ पासून नौदलाचे इंजिनिअर तिथेच घडतात. दारूगोळा मात्र घाटाखाली, उरणजवळच्या करंजा डेपोत. युद्धनौका मोठ्या दुरुस्तीला जाण्याआधी तो उतरवते. डेपो सांभाळतो, तपासतो, पुन्हा चढवायला तयार ठेवतो.

गोदीतच का नाही ठेवत? उत्तर १४ एप्रिल १९४४ चं आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठीही. (असं कोण भरतं!) दुपारी आग लागली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यांत ६६ अग्निशामक. अग्निशमन सप्ताह आजही याच तारखेला सुरू होतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'ब्लास्ट रेडियस' सहज बोलून जातो. म्हणजे बिघाड कुठवर पसरेल ते. करंजात तो लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. डेपोभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यात बांधकामाला बंदी, आणि त्याच पट्ट्यात राहती घरं. उरणकर वर्षानुवर्षं याविरुद्ध भांडतायत. स्टिकीनबद्दल वाचल्यावर मला पट्टा हवाच वाटतो. पण मग सरकारने ती जमीन रीतसर पैसे मोजून घ्यावी. नुसत्या बंदीत घर दुरुस्तही होत नाही, विकलंही जात नाही.