शिकलगाराची सहाण आणि मोटारीची चकाकी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे, ती दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढी आहे. मोटारीचा रंग उजळणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी एक चकती असते आणि तिच्यावर फोमची गादी बसवितात. गॅरेजमध्ये चकतीला ‘बॅकिंग प्लेट’ आणि गादीला ‘पॅड’ म्हणतात. कोणत्या यंत्राला कोणती चकती आणि कोणत्या चकतीला कोणती गादी, हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्याने नव्या मोटारीचा रंग पत्र्यापर्यंत घासला गेलेला पाहिला आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

मापे जुळली नाहीत म्हणजे काय होते, हे आपल्या भागाला निराळे सांगावयास नको. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. तिचे रूळ अडीच फुटी. नांदेडवरून जाणारी हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे मीटरगेज. कुर्डुवाडीला मुंबईकडची मोठी लाइन. लातूरच्या पेठेतला माल मुंबईकडे निघाला की कुर्डुवाडीला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. यात इंजिनाचा दोष नव्हता, रुळांचाही नव्हता. दोष होता तो या दोहोंचा मेळ नसण्याचा. पॉलिशच्या कामातही नेमके असेच घडते.

हे काम मोटारीपेक्षा पुष्कळ जुने आहे. आपल्याकडे त्याला ‘शिकल करणे’ म्हणत आणि ते करणारा तो शिकलगार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे उजळणे. तेथून फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत आला. शीख समाजात शिकलीगर आहेत, आणि महाराष्ट्रातील मुसलमान कुटुंबांत शिकलगार हे आडनाव आजही आढळते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा मुक्काम नांदेडला झाला. सचखंड श्री हुजूर साहिब येथे शस्त्रे जतन केलेली आहेत आणि दिवाळीच्या सुमारास ती गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ करण्याचा प्रघात आहे. पाते स्वच्छ आणि झळझळीत ठेवणे हा तेथे श्रद्धेचा भाग आहे.

शिकलगाराचे यंत्र साधे होते. कुरुंदाच्या दगडाची पूड लाखेत कालवून चाक घडवावयाचे, त्याला आस बसवावयाचा, आसाला चामड्याची वादी गुंडाळावयाची. एकाने वादी आलटून पालटून ओढावयाची आणि दुसऱ्याने फिरत्या चाकावर पाते धरावयाचे. आधी भरड पुडीचे चाक, मग बारीक पुडीचे, शेवटी लाकूड किंवा चामडे. लाख तापली की मऊ पडते, म्हणून जोर आणि वेग दोन्ही आवरते घ्यावे लागत. पूड, तिला धरून ठेवणारे चाक आणि चाक फिरविणारा हात, या तिघांचा मेळ बसला तरच पाते उजळे.

यातला कुरुंद शब्द लक्षात ठेवा. इंग्रजीतले ‘कोरंडम’ हे नाव दक्षिण हिंदुस्थानातूनच तिकडे गेले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. आज गॅरेजमध्ये ‘कंपाउंड’ म्हणून जी लापशी वापरतात, तिच्यात बहुधा हेच द्रव्य अतिबारीक कणांच्या रूपाने असते. शिकलगार दिसेनासा झाला, त्याची पूड मात्र कामावरच आहे.

आता मोटारीकडे वळू. निजामाच्या राज्यात रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बस वाहतूक सुरू केली. नांदेड आणि लातूर त्या वेळी त्याच राज्यात होते. त्याच्या थोडे आधी मोटारीच्या रंगात मोठी क्रांती झाली होती. पूर्वी तेलाचे रंग ब्रशाने देत आणि ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा रंग आणला. आपले रंगारी मोटारीच्या रंगाला अजून ‘ड्युको’च म्हणतात. हा रंग वाळला की निस्तेज दिसे. घासल्यावाचून त्याला चमक येत नसे. अशा रीतीने रंगाबरोबरच घासणाराही कारखान्यात शिरला.

आरंभी यंत्राच्या रबरी चकतीवर लोकरीची टोपी नाडीने आवळून बांधीत. पुढे दोन शोध या धंद्याच्या उपयोगी पडले. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले. त्यापासून फोम झाला. आणि कपड्यांना व कुत्र्याच्या केसांना चिकटणारी कुसळे पाहून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना ‘वेल्क्रो’ सुचले. त्याचे पेटंट १९५० नंतरच्या दशकातले. गादी चकतीवर चटकन बसू व निघू लागली. सोय झाली, पण वाटेल ती गादी वाटेल त्या चकतीवर डकविण्याचा मोहही तिनेच आणला.

मेळ कोठे कोठे पाहावयाचा? पहिला आट्यांचा. सरळ गोल फिरणाऱ्या यंत्राला पुष्कळदा १४ मिलिमीटरच्या आट्या असतात. फिरता फिरता झुलणाऱ्या यंत्राची मळसूत्रे निराळी. दुसरा मेळ व्यासाचा. १५० मिलिमीटरच्या गादीला १२५ ची चकती शोभते. चकती गादीबाहेर डोकावली तर तिची कड रंगाला ओरखडते. फार लहान असली तर सारा दाब मध्यावर येऊन गादीच्या कडा फडफडतात. तिसरा मेळ वजनाचा. झुलणाऱ्या यंत्रात तोल राखणारे वजन असते आणि ते ठरावीक चकती-गादीच्या हिशेबाने घातलेले असते. भलतीच जड गादी लावली की हात थरथरतो. फार जाड लावली तर यंत्राचा झोल फोमच गिळून टाकतो. जाणते कारागीर चकतीच्या पाठीवर काळी रेघ ओढतात. रेघ फिरताना दिसली नाही, तर गादी थांबली आहे असे समजावे.

चौथी गोष्ट वेगाची. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या १५० मिलिमीटरच्या गादीची कड तासाला सुमारे ४२ किलोमीटर वेगाने रंगावरून धावते. त्याच फेऱ्यांवर ७५ मिलिमीटरची गादी निम्म्याच वेगाने धावेल. घर्षणाने ऊब वाढते. शिकलगाराची लाख मऊ पडे, तसा येथे वेल्क्रोचा डिंक सुटतो आणि रंगही भाजतो.

भाजण्यासारखे असते तरी किती? कारखान्यातून येणाऱ्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि वरचा पारदर्शक थर बहुधा ५० च्या आतबाहेर. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. शिकलगाराच्या पात्यात पोलाद पुष्कळ होते. आपल्याजवळ भांडवल एवढेसे आहे आणि प्रत्येक पॉलिश त्यातून थोडे उचलते. म्हणून आधी मऊ गादी आणि सौम्य लापशी. त्याने काम झाले नाही तरच पुढची पायरी.

आपल्या मराठवाड्यात हा हिशेब अधिकच कडक आहे. पाणी नाही म्हणून आपण धुळीची गाडी कोरड्या फडक्याने पुसतो, त्या धुळीनेच रंगावर चरे उमटतात, आणि ते घालविण्यासाठी पुन्हा घासतो. ज्या वर्षी पिण्याच्या पाण्याची भ्रांत, त्या वर्षी मोटार धुण्याची गोष्ट कोणी कशाला काढील? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. त्या टाक्यांचे डबे राजस्थानात कोट्याला साफ करून पाठविले होते. पूर्वी मिरज-लातूर मार्गावर अडीच फुटी गाडी होती. मधल्या काळात तेथे मोठी लाइन झाली होती, म्हणून कोट्याचा डबा थेट लातूरच्या फलाटाला लागू शकला. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी उतरले. वाटेत कोठेही ते एका डब्यातून दुसऱ्यात ओतावे लागले नाही.