खोपोलीपर्यंत एक गाडी, खंडाळ्यापासून दुसरी

साजगावची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन नव्याने ऐकविण्याचे कारण नाही. कार्तिक वद्य एकादशीला विठोबाच्या देवळापाशी ती भरते, पुढे पंधरवडाभर चालते, आणि देवदर्शनाइतकाच तेथील बाजारही मोठा असतो. घाटावरून घोंगड्या, मिरच्या व बैल यावयाचे. किनाऱ्याकडून सुके बोंबील, सुकट आणि सोडे. देवाला 'बोंबल्या विठोबा' हे लाडके नाव पडले ते याच बाजारामुळे. तुकोबा मिरच्यांच्या गोण्या घेऊन याच वाटेने कोकणात उतरत असत, अशी परंपरा गावोगाव सांगतात. त्या परंपरेत इतिहास किती व भक्ती किती, या वादात आम्हांला पडावयाचे नाही. देश आणि कोकण यांचा सांधा घाटाच्या पायथ्याशी, आमच्या या मुलखात होता, एवढे तिच्यावरून खासच दिसते.

सांध्याचा विषय आज निवडण्याचे निमित्त मात्र अगदी आजकालचे आहे. मागल्या यात्रेच्या सुमारास गावातील एक तरुण आमच्याकडे आला. त्याचा लहानसा कारखाना आहे. तो म्हणाला, "काका, आमच्या कंपनीचे संकेतस्थळ एका यंत्रणेवर बांधले आहे, आणि कंपनीचे लेख, बातम्या, माहिती हे सारे दुसऱ्याच यंत्रणेवर लिहिले जाते. नाव एकच; पण गिऱ्हाइकाला एकीकडून दुसरीकडे जाताना परक्या घरी आल्यासारखे वाटते. हे दोन्ही जोडायचे कसे?" या तंत्रातले आम्हांला फारसे कळत नाही. पण त्याला म्हटले, "अरे, असल्याच पेचात एक कंपनी १८५८ साली सापडली होती, आणि तीही तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर!"

ती कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, आपल्या जुन्या लोकांची जी. आय. पी. मुंबई ते ठाणे ही तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोहोचली. १२ मे १८५६ रोजी ती पळसदरीवरून थेट खोपोलीपर्यंत आली, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. त्या वेळचे इंग्रज खोपोलीला 'कॅम्पुली' म्हणत. नाना फडणिसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ व तलाव यांच्यामुळे घाट चढणाऱ्या वाटसरूंचे हे विसाव्याचे ठिकाण होतेच. आता तेथे आगगाडीची शिटी ऐकू येऊ लागली. पुढे डोंगराची भिंत उभी होती.

त्या भिंतीच्या पलीकडे कंपनीने स्वस्थ बसून राहावयाचे नाकारले. बोरघाटातील लोहमार्ग पुरा होण्याची वाट न पाहता तिने खंडाळा ते पुणे हा भाग बांधून काढला आणि १४ जून १८५८ रोजी तो वाहतुकीस खुला केला. म्हणजे कंपनी एक, पण तिची गाडी खोपोलीपर्यंत एक आणि खंडाळ्यापासून दुसरी. मध्ये सुमारे २१ किलोमीटरचा खंड. खंडाळ्याच्या बाजूचे रूळ, डबे, एंजिने कशी आली असतील याचा क्षणभर विचार करा. वर जावयास दुसरा लोहमार्ग नव्हता. सारे रस्त्यानेच चढवावे लागले.

हा घाटरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, गाड्यांसाठी खुला झालेला होता. त्यानेच आता दोन लोहमार्गांना बांधून ठेवले. मुंबईहून आलेला उतारू खोपोलीस उतरे, ऐपतीप्रमाणे पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करी, घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. सामानाचेही तसेच. कंपनीच्या कागदावर मुंबई आणि पुणे जोडली गेली होती. प्रत्यक्षात ती जोडणी भोयांच्या खांद्यावर आणि बैलांच्या मानेवर होती. जोपर्यंत मधला दुवा कंपनी बांधीत नाही, तोपर्यंत तो दुवा कोणीतरी अंगाने होतोच. पाच वर्षे तो उतारूने, भोयाने आणि गाडीवानाने मिळून भरून काढला.

कंपनीचे हे वागणे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. अर्धवट सोय मुळीच नसलेल्या सोयीपेक्षा बरी. त्या तरुणालाही आम्ही हेच सांगितले, की मुख्य पानावरून लेखांकडे नेणारा साधा दुवा ठेवणे हा तुझा घाटरस्ता समज. गिऱ्हाइकाला एकदा उतरून पुन्हा चढावे लागेल, पण तो पोहोचेल.

आता बोरघाटातील कायमच्या जोडणीकडे वळू. तिचा आराखडा कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचा. चढाची लांबी पावणेसोळा मैल, उंची १८३१ फूट, काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा चढ, २५ बोगदे व ८ मोठे पूल. आकडे ऐकूनच छाती दडपते. डोंगराची सोंड इतकी अरुंद की एके ठिकाणी गाडी वळविण्यास जागाच मिळेना. तेथे बर्कलींनी उलट-स्थानकाची युक्ती केली. गाडी सरळ जाऊन बंद टोकाशी थांबे. एंजिन सुटून दुसऱ्या टोकास लागे. आणि मघाचे शेपूट आता डोके होऊन गाडी दुसऱ्या दिशेने चढू लागे. ही कसरत १९२९ पर्यंत चालली. त्या साली नवे बोगदे खोदून मार्ग बदलला, तेव्हा ती संपली.

काम १८५६ च्या आरंभी फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराकडे दिले गेले. पोटकंत्राटदारांनी मजुरांचे पैसे थकविले आणि १८५९ च्या जानेवारीत दंगा उसळला. मजुरांनी हात उगारला याचा त्या काळी फार गवगवा झाला. पोटाला भाकर नसताना डोंगर फोडणाऱ्याने आणखी काय करावे, हा प्रश्न आम्ही विचारतो. फॅव्हिएलने काम सोडले. सॉलोमन ट्रेडवेल याने ते उचलले, पण हिंदुस्थानात पाऊल टाकल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. तेव्हा त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हातचे जाऊ दिले नाही. ॲडमसन व क्लाउझर या दोघा कारभाऱ्यांकरवी तिने ते तडीस नेले. तो काळ लक्षात घेता या बाईची कर्तबगारी लहान नव्हे. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने त्यांतली किती नेली! बर्कली स्वतः १८६२ साली इंग्लंडात वारले. पुरा झालेला घाट त्यांना पाहावयास मिळाला नाही. १८६३ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते तो खुला झाला. उतारूला खाली उतरण्याचे कारण उरले नाही.

येथे एक गोष्ट तंत्राची म्हणून सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून ही जोडणी साधलीच नसती. खालचा लोहमार्ग आणि वरचा लोहमार्ग यांच्या रुळांमधले अंतर आरंभापासून एकच, साडेपाच फूट, ठरविलेले होते. पाच वर्षे दोन तुकडे वेगळे धावले, तरी ते एका मापाचे होते. म्हणून मधला डोंगर फुटताच डबा न बदलता माणूस पुण्यास गेला.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर कर्जत तालुक्यातच नेरळला जावे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०४ ते १९०७ या काळात माथेरानची गाडी बांधली. तिचे रूळ अवघे दोन फुटांचे. डोंगराच्या अंगाला बिलगून अशी तीव्र वळणे घ्यावयाची, तर साडेपाच फुटी गाडी तेथे चालणेच शक्य नव्हते. नेरळला मोठी गाडी आणि लहान गाडी शेजारीशेजारी उभ्या राहतात, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नाही. शंभराहून अधिक वर्षे तेथे माणसे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर चालत गेली, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे आम्ही ऐकले नाही. आमच्या मते हेही जोडणेच आहे. दोन वाटा जवळ आणून ठेवल्या, एकीची पाटी दुसरीवरून दिसेल अशी लावली, की पुरे होते. माथेरानचा डबा मुंबईपर्यंत नेण्याचा हट्ट कोणी धरीत नाही.

आमच्या तरुणाने हे ऐकून घेतले आणि नेमका प्रश्न विचारला, "मग माझे प्रकरण बोरघाटाचे की नेरळचे?" जाणकारांना विचारून त्याने पुढे आम्हांलाच उत्तर आणून दिले. त्याच्या दोन्ही यंत्रणा निराळ्या घरांत बनलेल्या असल्या तरी पाने मागविण्याची व पाठविण्याची रीत दोघींची एकच. म्हणजे रूळ एका मापाचे. तेव्हा कंपनीच्या नावाआधी एक शब्द लावून लेखांना उपपत्ता देता येतो. किंवा वाटेत एक मध्यस्थ ठेवता येतो, जो मुख्य पत्त्यावर आलेली मागणी गुपचूप दुसऱ्या यंत्रणेकडून पुरी करून आणतो, आणि वाचणाऱ्याला गाडी बदलल्याचे कळतही नाही. दुसरा मार्ग बोरघाटासारखाच. खर्च व देखभाल दोन्ही जास्त. देखभालीचे म्हणाल तर १८६७ च्या जुलैत, घाट खुला होऊन चार वर्षे झाली न झाली तोच, तेथील दगडी पुलांपैकी एक कोसळला होता.

जोडणी पुरी झाल्यावर खोपोलीचे काय झाले, हे सांगितल्यावाचून हा विषय सोडवत नाही. घाटाचा नवा मार्ग पळसदरीहून फुटून वर गेला. खोपोली, जी पाच वर्षे मुंबई-पुण्याच्या वाटेवरचे मुख्य ठाणे होती, ती एका दिवसात आडबाजूस पडली. पालख्या, तट्टे, बैलगाड्या यांचा धंदा बसला. उलट कर्जतचे दैव उघडले. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी जादा एंजिने तेथे जोडावयाची, म्हणून प्रत्येक गाडी कर्जतला थांबणे आले. एका गावाचा सांधा सुटला आणि दुसऱ्याचा बसला. घाट पुरा झाला म्हणून मुंबईत आणि पुण्यात आनंद झाला, तो रास्तच होता. खोपोलीच्या भोयांना तो वाटला असेल असे आम्हांला वाटत नाही.

तरी कंपनीने खोपोलीचे रूळ उखडले नाहीत, ही गोष्ट आम्ही तिच्या पुण्याच्या खात्यात मांडतो. पुढे १९१५ साली टाटांचे वीजघर खोपोलीस उभे राहिले, कारखाने आले, आणि जिला कोणी फाटा म्हणत असे ती वाट पुन्हा नांदती झाली. आमच्या तरुणानेही लेखांचे जुने पत्ते पुसले नाहीत. जुन्या पत्त्यावर जो येईल त्याला नव्या जागी पोहोचविण्याची व्यवस्था त्याने करून ठेवली आहे. आजही कर्जतहून सुटणारी लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीस येऊन थांबते. यात्रेच्या दिवसांत तिच्यातून उतरलेली माणसे साजगावच्या वाटेला लागतात, आणि परतताना त्यांच्या पिशव्यांतल्या बोंबलांचा वास कर्जतपर्यंत साऱ्या डब्याला सोबत करतो.