शेष, शिळें व उष्टें : नाताळांतील टर्कीच्या निमित्तानें

मुळशी तालुक्यांतील मारुंजी या गांवीं प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य आहे. शेजारीं हिंजवडीस संगणक-उद्योगाची वसाहत झाल्यापासून येथील शेतांतून उंच इमारती उभ्या राहिल्या, व परदेशीं राहून आलेलीं अनेक मराठी कुटुंबें येथें वस्तीस आलीं. अशाच एका शेजारच्या घरीं गेल्या नाताळांत टर्की नांवाचा पक्षी अख्खा भाजण्यांत आला. तें कुटुंब बरींच वर्षें अमेरिकेंत होतें, आणि मुलांस तिकडील संवय लागलेली. पक्षी सहा किलोंचा, जेवणारीं माणसें आठ. दुसरे दिवशीं सकाळीं निम्म्याहून अधिक मांस शिल्लक राहिलें. घरच्या बाई आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "सर, आपल्या शास्त्रांत शिळं खाऊं नये असं सांगितलंय ना? मग एवढ्या उरलेल्याचं काय करायचं?"

प्रश्न स्वयंपाकघरांतला होता, परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईना. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम पक्ष्याविषयीं. टर्की मूळचा अमेरिका खंडांतला. मेक्सिकोंतील लोकांनीं त्यास माणसाळविलें, व सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. पुढें तो जेथें जेथें गेला तेथें तेथें लोकांनीं त्यास भलत्याच देशाचा ठरविलें. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्थानचा मानिलें. खुद्द तुर्क त्यास 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच नांवाचा अर्थही 'हिंदुस्थानचा' असाच आहे. डच भाषेंतील 'काल्कून' हें नांव आपल्या कालिकत बंदरावरून पडलें, आणि पोर्तुगीज त्यास 'पेरू' म्हणतात. संग्राहकांनीं यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गोमांतकाच्या पोर्तुगीज कागदांचें मराठी करितांना 'पेरू' हा शब्द आला, तर तें आपल्याकडील फळ समजूं नये. तेथें पक्षी अभिप्रेत असतो.

हा पक्षी हिंदुस्थानांत आल्याची प्रसिद्ध नोंद जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तांत आहे, आणि तींतही गोवेंच आहे. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून बादशहाकरितां ज्या अपूर्व वस्तु व प्राणी आणिले, त्यांत हा पक्षी होता. तो लांडोरीहून मोठा व मोराहून लहान आहे, माजावर आला म्हणजे मोरासारखा पिसारा फुलवितो, आणि त्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्याप्रमाणें क्षणोक्षणीं पालटतो, असें बादशहानें बारकाईनें लिहून ठेविलें आहे. दरबारांत त्याचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें. मन्सूर या चितार्‍यानें काढलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत आहे. पक्ष्याचें रूप असें तपशिलवार नोंदलें गेलें. पुढें तो मेजवानीच्या ताटांत आला, आणि तेथें उरलेल्याचें काय झालें याची नोंद करण्याची गरज मात्र फारशी कोणास वाटली नाहीं. आपल्या साधनांची ही नेहमींचीच रीत आहे. मेजवानी कागदावर येते; दुसर्‍या दिवसाचें जेवण येत नाहीं.

आतां शास्त्र. या बाबतींत स्मृतिकारांशीं प्रामाणिक राहावयाचें तर अडचण शिळेपणाच्या आधींच उभी राहते. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत गांवकोंबडा वर्ज्य आहे, व नखांनीं जमीन उकरून खाणारे पक्षीही वर्ज्य आहेत. टर्की जमीन उकरूनच खातो. म्हणजे मनूच्या मतें पक्षीच निषिद्ध, मग तो ताजा काय आणि शिळा काय! उलट वैद्यकग्रंथांत 'विष्किर' म्हणजे उकरून खाणारे पक्षी हा मांसाचा एक स्वतंत्र वर्ग आहे, व त्यांतील लावा, तित्तिर, कोंबडा इत्यादिकांचे गुण आदरानें सांगितले आहेत. स्मृतिकार जें निषेधितो तेंच वैद्य पथ्य म्हणून देतो. एकच 'शास्त्र' धरून बोलणार्‍यांनीं हा भेद विसरूं नये.

पक्ष्याचा प्रश्न बाजूस ठेविला, तरी शिळ्या अन्नाचा सरसकट निषेध मनूनें केलेलाच नाहीं. संस्कृतांत शिळ्यास 'पर्युषित' म्हणतात. रात्र उलटलेलें, असा त्याचा अर्थ. पांचव्या अध्यायाच्या २४ व २५ या श्लोकांत सांगितलें आहे कीं, जें मुळांत निंद्य नाहीं व ज्यांत स्नेह म्हणजे तूपतेल आहे, तें रात्र उलटलेलें असलें तरी खावें. आणि जव, गहूं व दूध यांचे पदार्थ स्नेहाशिवायही चालतात. याज्ञवल्क्याच्या आचाराध्यायांत हाच नियम आहे. नियमाचें कारण उघड आहे. पाण्यांत शिजलेला भात लौकर विटतो. तुपांत तळलेलें किंवा कोरडें भाजलेलें टिकतें. आपल्या घरांत वरणभात रात्रींच संपवितात आणि पुरणपोळी मात्र दुसरे दिवशीं दुधाशीं आवडीनें खातात, त्याच्या मुळाशीं हाच अनुभव आहे. श्रावणांत शिळासप्तमीस तर आदले दिवशीं रांधलेलें थंड अन्न हेंच व्रताचें अन्न होय. स्वतः 'शिळा' हा शब्द 'शीतल' यापासून आला. मुळांत त्याचा अर्थ 'थंड झालेला' एवढाच होता. 'वाईट झालेला' असा नव्हता.

उरलेलें मांस पुन्हां उपयोगांत आणावयाचें तर तूप, आंबट किंवा मसाला यांचा आश्रय करावा लागतो, आणि या तीनही रीति आपल्या देशांत परिचित आहेत. तुपाची रीत वर आलीच. मसाल्याची रीत वैद्यकांतील 'वेसवार' या पदार्थांत दिसते. हाडें काढून शिजविलेलें मांस पाट्यावर पुन्हां वाटावयाचें, आणि पिंपळी, सुंठ, मिरीं, गूळ व तूप घालून परत शिजवावयाचें, असें त्याचें विधान आहे. अमरकोशांत वेसवार म्हणजे मसालाच. एकदां शिजलेलें मांस दुसर्‍यांदा शिजविण्यांत आपले पूर्वज कांहीं उणें मानीत नव्हते, हें यावरून सिद्ध होतें.

आंबटाची रीत पाहण्यास वसईकडे वळलें पाहिजे. १५३४ पासून वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे होता, आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं तो जिंकिला. किल्ला मराठ्यांकडे आला तरी मधल्या दोनशें वर्षांत ख्रिस्ती झालेलीं कुटुंबें तेथेंच राहिलीं, आणि त्यांची घरची बोली मराठीच राहिली. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षाच्या दारूंत किंवा शिर्क्यांत लसूण घालून मुरवीत. गोमांतकांत त्याचें 'विंदालू' झालें व वसई-मुंबईकडील या मराठी ख्रिस्ती घरांत 'इंद्याल'. द्राक्षाच्या जागीं ताडामाडाचा शिर्का आला, आणि मिरची आली. ही मिरची टर्कीप्रमाणेंच अमेरिकेंतून आलेली. असें शिर्क्यांतलें मांस दुसर्‍या-तिसर्‍या दिवशीं अधिक मुरतें, म्हणून नाताळचा पदार्थ आधींपासून करून ठेवितां येतो. इंग्रजांच्या घरांत निराळी युक्ति होती. आदले दिवशींच्या भाजलेल्या थंड मांसाचे तुकडे कांदा व हिरव्या मिरच्यांबरोबर तव्यावर परतीत, आणि त्यास 'जालफ्रेझी' म्हणत. आज जो पदार्थ उपाहारगृहांत ताज्या मांसाचा मिळतो, त्याचा जन्म उरलेल्यांतून झाला आहे.

एवढें पाहिल्यावर शेजारच्या बाईंस सांगितलें कीं, खुशाल खावें. मात्र जुनी दृष्टि व नवें ज्ञान दोन्ही ठेवावीं. भाजलेलें मांस टेबलावर रात्रभर राहूं देऊं नये. दोन तासांच्या आंत शीतकपाटांत जावें. तेथें तें तीन-चार दिवस टिकतें, आणि पुन्हां तापवितांना आंतपर्यंत ७४ अंश सेल्सियस उष्णता पोंचावी लागते. त्यांनीं तें वेळेवर आंत ठेविलेंच होतें. मग हाडांवरचें मांस सोडवून घेतलें, हाडें आलें-मिरीं घालून सारासाठीं उकळत ठेविलीं, आणि मांसाचें कांदाखोबर्‍याच्या वाटणांत सुकें केलें. प्रस्तुत लेखक शाकाहारी असल्यानें चवीविषयीं साक्ष देऊं शकत नाहीं. वास आमच्या दारापर्यंत आला होता.

येथें विषय संपावयाचा, पण संपला नाहीं. त्या बाईंनीं एक मोठा डबा भरून त्यांच्याकडे कामास येणार्‍या बाईंपुढें धरिला. तिनें तो लगेच घेतला नाहीं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आज हेच जेवणार असाल तर मी नेते. नुसतं माझ्यासाठीं काढून ठेवूं नका."

या दोन वाक्यांनीं प्रस्तुत लेखकाचें वरील सर्व विवेचन अपुरें ठरविलें. उरलेलें अन्न कसें टिकवावें, हा अर्धा प्रश्न झाला. तें कोणीं खावें, हा दुसरा अर्धा. संस्कृतांत त्यासाठीं निरनिराळे शब्द आहेत. भांड्यांत उरतें तें 'शेष' किंवा 'अवशिष्ट'. पानांत उरतें, तोंड लागलेलें, तें 'उच्छिष्ट'. यावरूनच आपलें 'उष्टें' आलें. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत उच्छिष्टाचें स्वतंत्र सूक्त आहे, व यज्ञांतील त्या शेषावर सर्व विश्व आधारलेलें आहे असा त्याचा भाव आहे. गीतेच्या तिसर्‍या अध्यायांत यज्ञशेष खाणारा पापमुक्त होतो, आणि सतराव्या अध्यायांत शिळें व उष्टें तामसांस प्रिय म्हटलें आहे. मनूच्या तिसर्‍या अध्यायांत (श्लो. ११६) तर गृहस्थधर्म असा सांगितला आहे कीं, अतिथि, आप्त आणि सेवक जेवल्यानंतर जें राहील तें नवराबायकोनें खावें. सेवक आधीं, धनी मागाहून.

परंतु त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांत (श्लो. १२५) शूद्र सेवकास उष्टें अन्न व जुनीं वस्त्रें द्यावीं, असें सांगितलें आहे. येथें क्रम उलटला. शब्दही पालटला, 'अवशिष्ट' जाऊन 'उच्छिष्ट' आलें. प्रस्तुत लेखकानें शाळेंत तीस वर्षें संस्कृत शिकविलें. तिसर्‍या अध्यायांतील वचन मुलांकडून अनेकदां पाठ करून घेतलें, आणि दहाव्यांतील कधीं फळ्यावर लिहिलें नाहीं. न लिहिल्यानें तें ग्रंथांतून नाहींसें झालें नाहीं, आणि गांवगाड्यांतून तर नाहींच नाहीं. वतनदार महारांनीं दारोदार फिरून शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करावेत, ही आपल्या खेड्यांतली रीत होती. या कनिष्ठ वतनांचा शेवट करणारा कायदा १९५८ चा आहे.

त्याच्या कितीतरी आधीं, मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृत जनावरांचें मांस व उष्टें अन्न सोडून देण्याचें आवाहन केलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत महाडासच भरलेल्या सत्याग्रह परिषदेंत मनुस्मृति जाळण्यांत आली. तो ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनीं मांडिला होता, आणि तारीख होती २५ डिसेंबर, म्हणजे नाताळचाच दिवस. ज्या ग्रंथांतून आम्हीं शिळ्या अन्नाची परवानगी काढली, त्याच ग्रंथांतील उष्ट्याच्या आज्ञेविरुद्धही ती आग होती. विलायतेंतही नाताळचा दुसरा दिवस हा नोकरचाकरांस 'पेटी' देण्याचा मानिलेला आहे. देणें हें कोठेंही वाईट नाहीं. स्वतः जें खाणार नाहीं तें दुसर्‍यास देणें, यांत दोष आहे.

शेजारच्या बाईंनीं त्या दिवशीं दोन डबे सारखे भरिले. एक घरांत राहिला, एक गेला. शिळें तें दोन्हीकडे होतें. उष्टें कोठेंच नव्हतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पेशवाईंतील सवाई माधवरावांच्या लग्नाच्या व्यवस्थेची नाना फडणिसांची यादी सर्वांस परिचित आहे. अशा याद्यांवरून कोठींतून काय निघालें व पंगतींत काय वाढावयाचें होतें, हें समजतें. उरलेलें कोणाकडे गेलें, हें समजण्यास किरकोळ कागद पाहावे लागतात : बलुत्याच्या व घुगरीच्या याद्या, लग्नखर्चाच्या वह्या, घरगुती किराण्याचीं टांचणें. आमच्या भागांत जुने वाडे पडत आहेत, आणि सनदा व वंशावळी तेवढ्या ठेवून हीं टांचणें रद्दींत जात आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशीं मोडी बाडें असतील, त्यांनीं तीं क्षुल्लक समजून टाकूं नयेत. एखाद्या ओळींत 'शिळें', 'उष्टें' किंवा 'उरलें' हे शब्द आढळले, तर ती ओळ, तिथि व गांव उतरून घेऊन या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीं.