भोकाचा पैसा आणि त्याची खरी किंमत

रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस वर्षे. आमच्या पिढीला पंचवीस म्हटले की आधी पावली आठवते, चार आण्यांची. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पण घरोघरच्या डब्यांतून ती गेली नाहीत, आणि त्यांच्या आधीची तांब्याचीही नाहीत. मला नाण्यांचा नाद आहे हे कळल्यापासून जिन्यात एकच प्रश्न येतो, "काका, याचे किती येतील हो?" म्हणून हा लेख.

आधी जुना हिशेब. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. म्हणजे रुपयाला ६४ पैसे. म्हणून जुन्या पैशावर इंग्रजीत 'पाव आणा' असे लिहिलेले असते.

आता ओळख. ढालीच्या दोन्ही बाजूंना सिंह आणि १८३५ साल दिसले, तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा. १८६२ पासून व्हिक्टोरिया राणी आली; १८७७ पासून तिच्या नावापुढे 'सम्राज्ञी' लागले. सातव्या एडवर्डच्या काळात, १९०६ मध्ये, तांबे जाऊन ब्राँझ आले. पुढे पाचवा आणि सहावा जॉर्ज. महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा १९४३ ते १९४७ या काळात भोकाचा पैसा निघाला. १९५० मध्ये राजाचा मुखवटा जाऊन सिंहमुद्रा आली, आणि पैशावर घोडा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले. १९६४ मध्ये त्यातला 'नया' गळला.

किंमत वयावर ठरत नाही, हे मुख्य. किती पाडली, किती झिजली आणि मागणी किती, यावर ती ठरते. १८३५ चा पैसा भरपूर पाडला गेला. त्यामुळे झिजलेल्याला आजही फारसे मोल नाही. भोकाच्या पैशाचेही तेच. मूळ झळाळी टिकलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कृपा करून चिंच किंवा पीतांबरी लावू नका. घासलेले नाणे संग्राहक नाकारतो. आणि रामदरबार किंवा मारुती असलेले, १८१८ साल छापलेले 'कंपनीचे नाणे' कंपनीने कधी पाडलेच नाही. देवघरात खुशाल ठेवा, पण विकायला जाऊ नका.

हे सगळे लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. आपल्याच सोसायटीतल्या एका आजींना फोन आला, "तुमच्या भोकाच्या पैशाचे पाच लाख देतो, आधी नोंदणी फी भरा." त्यांनी भरली. मग 'टॅक्स' म्हणून आणखी भरले. पैसा घरातच राहिला, पेन्शन गेली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! अशा व्यवहारांत आपले नाव वापरले जाते, आपला त्यांच्याशी संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, एवढे लक्षात ठेवा.

परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी एक सूचना : शंभर वर्षांहून जुनी नाणी कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत. इथेच सांभाळा. आणि ते नाणे कुणाचे, कुठून आले, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. साल नाण्यावर असतेच. आजोबांचे नाव नसते.