बाटलीतला इतिहास

मंडळी, कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण ती धुवायच्या बाटलीला कोणी दोन ओळीही देत नाही. आमच्या भाचीला केराटोकोनस आहे, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे आलेला. चष्म्याने भागत नाही, कडक लेन्सच लागते. म्हणून या बाटल्यांचा माग काढावासा वाटला.

१८८८ साली झुरिकच्या डॉ. अडॉल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सवर निबंध प्रसिद्ध केला. त्या लेन्सखाली ते द्राक्षशर्करेचं २ टक्क्यांचं द्रावण भरत. म्हणजे द्रावणाची सोबत पहिल्यापासूनची!

१९४८ मध्ये अमेरिकेत केविन टुओही यांनी पीएमएमए प्लॅस्टिकची छोटी लेन्स आणली. या प्लॅस्टिकवर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहतं. कित्येक जण चक्क थुंकी लावून लेन्स घालत! त्यावर उपाय म्हणून ओलावा देणारं एक, मळ काढणारं दुसरं आणि रात्री बुडवून ठेवायचं तिसरं, अशी द्रावणं आली.

पण पीएमएमएतून प्राणवायू जात नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन मिसळलेल्या, हवा जाऊ देणाऱ्या कडक लेन्स आल्या. डोळा मोकळा झाला, पण अश्रूंतली चरबी आणि प्रथिनं लेन्सला चिकटू लागली. प्रथिनं काढायला पपेनच्या गोळ्या आल्या. पपेन म्हणजे आपल्या कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. मटण शिजायला पपई घालतात ना, तेच तत्त्व!

आज मुख्यतः दोन पद्धती आहेत. एकाच बाटलीचं द्रावण सोयीचं, पण त्यातल्या जंतुनाशकाचा काहींना त्रास होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तसं काही मागे उरत नाही, मात्र ते निष्प्रभ व्हायला साधारण सहा तास लागतात. त्याआधी लेन्स डोळ्यात घातली तर भयंकर आग होते.

पूर्वी कडक लेन्स नळाखाली धुतलेली चालत असे. १९८० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅकँथामीबाच्या संसर्गाचे रुग्ण वाढले. त्यात मऊ लेन्स वापरणारे आणि घरी मिठाचं पाणी करणारे बरेच होते. हा जीव साध्या पाण्यात राहतो आणि दृष्टी घालवू शकतो. त्यामुळे आता कडक लेन्सलाही पाणी वर्ज्य, मग ते फिल्टरचं का असेना.

तेव्हा घरातल्या लेन्सवाल्यांनो, बाटली डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि प्रवासात ती संपली, तर सरळ चष्मा लावा. दिसेल थोडं कमी, पण डोळा शाबूत राहील.