जांभ्यावरचे बीदर

बीदरला जाणारा प्रवासी महमूद गवानाचा १४७२ मधील मदरसा पाहतो, किल्ला पाहतो आणि परततो. पायांखालचा दगड सहसा न्याहाळीत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या शिलारसाचे थरांवर थर साचून दख्खन घडले. येथे त्याचा माथा ऊनपावसाने झिजून तांबडा जांभा झाला. जांभा पाणी पितो, खालचा काळा पाषाण ते अडवतो. म्हणून पठाराच्या कडांना झरे फुटतात. नानकझिरा त्यांपैकीच. झरणी नरसिंहाच्या दर्शनास भुयारातून छातीभर पाण्यात चालणाऱ्या भाविकालाही हेच पाणी भेटते.

अहमदशहा बहमनीने गुलबर्गा सोडून येथे राजधानी आणली, त्यामागे शिकारीची एक दंतकथा सांगतात. मला पाण्याचे कारण अधिक पटते. हाच मऊ जांभा कोरून किल्ल्याचा तिहेरी खंदक झाला. आणि इराणी पद्धतीचे करेज, म्हणजे जागोजाग उभ्या विहिरी ठेवलेले भुयारी पाट, तेही याच खडकातून गेले. पुढे त्या विहिरी आम्ही माती-कचऱ्याने बुजविल्या. २०१५ च्या सुमारास नौबादेजवळ गाळ उपसला, तेव्हा तळाशी पाणी होतेच.